एका घरात दोन झेंडे: 'बाय द सोर्ड डिव्हायडेड' नक्की कोणाच्या बाजूची?

रानजाई

बीबीसीची 'बाय द सोर्ड डिव्हायडेड' नुकतीच बघून संपवली. जुनी मालिका आहे. १९८३ आणि १९८५ असे दोन मोसम, प्रत्येकी दहा भाग. जॉन हॉक्सवर्थ यांची कल्पना. काळ साधारण १६४० ते १६६०, म्हणजे इंग्लंडातली यादवी. एकीकडे राजा पहिला चार्ल्स, दुसरीकडे पार्लमेंट, आणि मधल्यामध्ये भरडलं जाणारं लेसी घराणं.

घराण्याचा कर्ता सर मार्टिन लेसी राजाचा माणूस. मुलगा टॉम राजाकडून लढतो. थोरली लेक ॲन लग्न करते जॉन फ्लेचरशी, आणि हा जावई निघतो पार्लमेंटच्या बाजूचा. पुढे काय होतं ते सांगत नाही, काही जणांना बघायची असेल.

मला मालिका आवडली, पण एक गोष्ट खटकत राहिली. कॅमेरा कायम लेसींच्या आर्नेस्कोट गढीत मुक्काम ठोकून असतो. त्यामुळे आपसूकच आपण त्या गढीचे होतो. वेढा पडला की आपला जीव आत असतो, बाहेरच्यांबरोबर नाही. पार्लमेंटवाले जे म्हणतात (राजाने मनमानी कर लावू नयेत, लोकप्रतिनिधींना विचारावं) ते आज आपल्याला कोणालाही पटेल असं आहे. तरी बघताना सहानुभूती मात्र रेशमी कपडेवाल्यांकडे.

तर प्रश्न दोन. एक, मालिका राजाच्या बाजूला झुकलेली आहे की मलाच तसं वाटतंय? दोन, घरं खरंच अशी मधोमध फुटली होती, की ही लेखकाची सोय? सासरा इकडे, जावई तिकडे, म्हणजे संवाद आपोआप लिहून होतात.

गोगलगाय

कोणीतरी महाभारत काढायच्या आत मी काढतो आणि विषय संपवतो. महाभारत. झालं. आता पुढे बोला.

मुक्ता_के

गोगलगाय :D

रानजाई, छान धागा. ही बघितली आहे. सर मार्टिन झालेले जूलियन ग्लोव्हर फार आवडले होते. आधी वाटतं की हा नुसता हेकट म्हातारा आहे, मग हळूहळू कळतं की त्याला दुसरं काही करताच येणार नाही.

संशयात्मा

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: घरं फुटली नाहीत, फोडून ठेवली. एक मुलगा राजाकडे, एक पार्लमेंटकडे. कोणीही जिंको, जमीनजुमला घरातच. दोन्ही डगरींवर हात ठेवायची ही रीत जगभरातल्या जमीनदारांना ठाऊक आहे. तत्त्वबित्त्व सगळं नंतर वंशजांनी चिकटवलेलं.

टिवल्याबावल्या

+१ संशयात्मा. जावई शत्रुपक्षाचा असणं हा विमा आहे, हप्ता फक्त सणासुदीला भांडून भरायचा.

तळटीप

संशयात्मा, हा विम्याचा सिद्धान्त ऐकायला झकास आहे. काही घरांच्या बाबतीत तसा संशय घ्यायला जागाही असेल. पण ज्या घराची कागदपत्रं सगळ्यात भरपूर उरली आहेत तिथे तो टिकत नाही. बकिंगहॅमशरमधल्या क्लेडनचे व्हर्नी. त्यांची हजारो पत्रं त्या घरात सापडली, म्हणून आपल्याला आतलं माहीत आहे.

सर एडमंड व्हर्नी हा राजाचा निशाणबरदार. गंमत म्हणजे त्याला स्वतःला राजाची बाजू पटत नव्हती. पुढे ज्याने या युद्धाचा मोठा इतिहास लिहिला त्या एडवर्ड हाइडपाशी त्याने हे बोलून दाखवलं होतं. मतितार्थ असा की, राजाने नमतं घ्यावं असं मला मनापासून वाटतं, पण तीस एक वर्षं त्याचं अन्न खाल्लंय, आता त्याला सोडून जाणं माझ्याच्याने होणार नाही. थोरला मुलगा राल्फ पार्लमेंटचा सभासद, आणि तो पार्लमेंटबरोबरच राहिला. धाकटा एडमंड, घरात त्याला 'मन' या लाडक्या नावाने हाक मारत, तो राजाकडे. त्याने थोरल्या भावाला लिहिलेलं पत्र आहे: ज्याची भीती होती तेच झालं, तू राजाच्या विरोधात गेलास. विम्याचे कागद असे लिहीत नाहीत हो.

शेवट काय झाला बघा. बाप २३ ऑक्टोबर १६४२ ला एजहिलला निशाणासकट पडला, प्रेतही मिळालं नाही. मन १६४९ मध्ये आयर्लंडात द्रोहेडाला मारला गेला. आणि राल्फ? १६४३ मध्ये पार्लमेंटने सगळ्यांना धर्मविषयक करारावर सही करायला सांगितली, ती त्याच्या मनाला पटेना, म्हणून तो फ्रान्सला निघून गेला. मग ज्या पार्लमेंटसाठी बापाशी वैर पत्करलं त्याच पार्लमेंटने त्याची इस्टेट जप्त केली. दोन्ही डगरींवर हात ठेवलेलं घर आणि दोन्हीकडून बुडालेलं.

संशयात्मा

तळटीप, एका घराच्या पत्रांवरून सगळ्या देशाचा निवाडा नको. ज्यांनी हिशेब करून मुलं वाटली ते पत्रात लिहून ठेवतील का?

तळटीप

नाही लिहिणार. पण मग पुरावा नसणं हाच तुमचा पुरावा का?

संशयात्मा

आयडी उगाच घेतलेला नाही.

खुर्चीतला_सेनापती

एजहिलचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. त्या लढाईत सैनिकांना ठरलेले गणवेश असे नव्हतेच. ज्या कर्नलला जो रंग स्वस्तात मिळाला तो त्याच्या रेजिमेंटचा. लाल डगलेवाले दोन्हीकडे, निळे डगलेवाले दोन्हीकडे. ओळख काय, तर कमरेला किंवा खांद्यावरून बांधलेला पट्टा. पार्लमेंटचा सेनापती एसेक्स, त्याच्या फौजेचा नारिंगी, राजाकडचा लाल.

व्हर्नी पडल्यावर राजाचं निशाण शत्रूच्या हाती गेलं. ते परत कसं आणलं? जॉन स्मिथ नावाच्या कॅप्टनने पडलेल्या कोणाचा तरी नारिंगी पट्टा उचलून स्वतःच्या अंगावर चढवला आणि सरळ शत्रूत शिरला, असं सांगतात. निशाण घेऊन आला, राजाने त्याला सरदारकी दिली. दीडेक वर्षाने, मार्च १६४४ मध्ये, चेरिटनच्या लढाईत तोही गेला.

सांगायचा मुद्दा, दोन्ही बाजूंची माणसं दिसायला इतकी सारखी होती की फडकं बदललं की पक्ष बदलला. मालिकेत मात्र राजाचे लोक लांब केस, लेस, पिसं. पार्लमेंटवाले काळे कपडे, आखूड केस, आंबट तोंड. पार्लमेंटचा सेनानी क्रॉमवेल स्वतःच केस वाढवून होता! बड्या पार्लमेंटवाल्यांची चित्रं बघा, निम्मे जण राजाच्या दरबारातले वाटतील.

टिवल्याबावल्या

पण मग प्रेक्षकांनी ओळखायचं कसं? प्रत्येक पात्राने आत येताना पट्टा दाखवायचा? "मी जॉन, नारिंगी, पाणी मिळेल का?"

मुक्ता_के

:D :D

सेनापती, मुद्दा खरा आहे. पण मालिकेत पीटर जेफ्रींचा क्रॉमवेल अगदीच आंबट नाही हं. माणूस वाटतो. उलट जेरेमी क्लाइडचा चार्ल्स बघताना मला सारखं वाटायचं, अरे, एकदा तरी दिलेला शब्द पाळ.

आता मला वेगळं काही म्हणायचंय. रानजाईने विचारलं की सासरा-जावई ही लेखकाची सोय आहे का. सासरा-जावई कदाचित असेल. पण ॲन? ती सोय नाही. या युद्धात फुटलेली घरं कोणी शिवून ठेवली असतील तर बायकांनी.

तळटीप यांनी राल्फची गोष्ट अर्ध्यावर सोडली. इस्टेट जप्त झाल्यावर राल्फ फ्रान्समध्येच राहिला, कारण परत आला तर अटक. म्हणून त्याची बायको मेरी एकटी लंडनला गेली, गरोदर असताना. हेलपाटे, अर्ज, ओळखीपाळखी, कोणाला काय द्यायचं याचे हिशेब. तिथेच मुलगा झाला आणि काही महिन्यांत गेला. त्याच सुमारास इकडे फ्रान्समध्ये त्यांची मुलगी गेली. बाई तरी मागे हटली नाही आणि १६४८ च्या जानेवारीत जप्ती उठवून घेतली. मग नवऱ्याकडे परतली आणि १६५० मध्ये ब्लुआला वारली. इस्टेट वाचली ती तिच्यामुळे, आणि नवऱ्याबरोबर क्लेडनला पुन्हा नांदायचं तिच्या नशिबी नव्हतं.

बायकांनी का जायचं? कारण नवरा 'गुन्हेगार' ठरला तरी जप्त इस्टेटीच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा बायकामुलांच्या पोटापाण्यासाठी मागता येत असे. कायद्याच्या भिंतीत तेवढी एक फट होती. त्या फटीतून किती तरी बायका आत शिरल्या.

आणि डेन्बीची सरदारीण सुझन. नवरा राजाकडे, मुलगा बॅसिल पार्लमेंटकडे, एजहिलला दोघं समोरासमोरच्या फौजांत. ती मुलाला पत्रं लिहीत राहिली की परत ये. १६४३ मध्ये नवरा जखमांनी गेला. मुलगा डेन्बीचा अर्ल झाला, पण बाजू सोडली नाही. ही पत्रं वाचल्यावर ॲनचे संवाद मला जरा सौम्यच वाटले.

गोगलगाय

मुक्ताताई, मी इथे चेष्टा करायला आलो होतो. आता गप्प बसून वाचतोय.

संशयात्मा

मुक्ता, प्रतिसाद आवडला. पण बघा, तुम्हीसुद्धा शेवटी इस्टेटीवरच आलात. मेरी लंडनला तत्त्वासाठी गेली नाही, जमिनीसाठी गेली. माझं म्हणणं एवढंच की घर म्हणजे मुळात जमीन.

तळटीप

जमीन महत्त्वाची होती यात वादच नाही. पार्लमेंटनेच त्याचा बाजार मांडला होता. लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये समिती बसायची. राजाकडून लढलेल्याने तिथे जायचं, मालमत्ता जाहीर करायची, शपथ घ्यायची, दंड भरायचा आणि जमीन सोडवून आणायची. साध्या माणसाला सहावा हिस्सा, पार्लमेंटचा सभासद असून राजाकडे गेला असेल तर पार निम्म्यापर्यंत. अनेकांनी दंड भरायला कर्जं काढली.

पण जमीनच सगळं असती तर वॉर्डरचं काय करायचं?

विल्टशरमधली वॉर्डरची गढी अरंडेल घराण्याची. मे १६४३ मध्ये पार्लमेंटच्या फौजेने वेढली तेव्हा साठी गाठलेली लेडी ब्लांच मूठभर माणसांनिशी आत होती. काही दिवस तग धरून तिने गढी दिली. नवरा त्याच महिन्यात राजाकडून लढताना झालेल्या जखमांनी गेला. मग वारस झालेला मुलगा हेन्री फौज घेऊन आला आणि त्याने स्वतःच्याच गढीला वेढा घातला. आतली पार्लमेंटी शिबंदी हटेना. शेवटी मार्च १६४४ मध्ये त्याने सुरुंग लावला आणि बापजाद्यांची गढी एका अंगाने उडाली. आजही ती तशीच अर्धी उभी आहे, भिंत नाहीशी झालेल्या बाजूने आतल्या शेकोट्या दिसतात.

गढी मिळाली. राहण्याजोगी मात्र पुन्हा कधी झाली नाही.

खुर्चीतला_सेनापती

सुरुंगाने इतकं उडेल अशी त्याची अपेक्षा नसावी. तेव्हाच्या दारूचा अंदाज बांधणं म्हणजे निव्वळ जुगार.

धोंडोपंत

इतका वेळ वाचतोय. सगळे सरदार, सरदारिणी, अर्ल आणि गढ्या. रानजाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या धाग्यातच दिसतंय की! मालिका गढीतून बाहेर पडत नाही आणि आपणही पडत नाही.

गावातल्या शेतकऱ्याला काय फरक पडत होता? आज राजाची तुकडी येते, गोठ्यातला बैल नेते, बदल्यात चिठ्ठी देते की पैसे नंतर मिळतील. उद्या पार्लमेंटची तुकडी येते, राहिलेलं गवत नेते, तीही चिठ्ठी देते. घरात सैनिक उतरवून घ्यायचे, त्यांना जेवू घालायचं, वर त्यांच्या शिव्या खायच्या. चिठ्ठ्यांचं पुढे काय व्हायचं ते सांगायला नको.

१६४५ मध्ये विल्टशर, डॉर्सेट, सॉमरसेट भागातले लोक या सगळ्याला इतके विटले की त्यांनी दंडुके, कोयते घेऊन आपले जमाव उभे केले. क्लबमेन म्हणतात त्यांना. हजारोंनी जमायचे. झेंड्यावर लिहिलेलं काय, तर आमची गुरं न्याल तर आम्ही लढू. बाजू कुठली, तर कुठलीच नाही. ऑगस्ट १६४५ मध्ये हॅम्बल्डन टेकडीवर जमलेल्यांना खुद्द क्रॉमवेलने पांगवलं.

यांच्यावर कोणी वीस भाग काढले नाहीत.

मुक्ता_के

धोंडोपंत, काढायला हवेत. पण एक गोष्ट मालिकेच्या बाजूने. गढीतले नोकरचाकर यात नुसते तबकं घेऊन फिरत नाहीत, त्यांच्यातही भांडणं आहेत, बाजू आहेत. वरच्या मजल्याइतकाच खालचा मजला दाखवायची हॉक्सवर्थ यांना आधीपासून सवय होती.

धोंडोपंत

तो खालचा मजलासुद्धा गढीचाच ना? मी गावाबद्दल म्हणतोय.

परदेशी_पाखरू

थोडं अवांतर. याच साच्यातली अमेरिकन यादवीवरची 'द ब्लू अँड द ग्रे' (१९८२) कोणी बघितली आहे का? व्हर्जिनियातलं गायझर घराणं आणि गेटिसबर्गचे त्यांचे नातलग हेल. नायक जॉन गायझर कोणाकडूनच लढत नाही, तो युद्धाची चित्रं काढतो. लिंकन झालाय ग्रेगरी पेक.

तिकडे तर खऱ्या आयुष्यातलीच उदाहरणं मालिकेपेक्षा भारी. दोन्ही बाजूंत तडजोड व्हावी म्हणून जीव तोडून खटपट करणारे केंटकीचे सेनेटर क्रिटेंडन. त्यांचा एक मुलगा दक्षिणेचा जनरल, दुसरा उत्तरेचा. लिंकनबाईंचे सावत्र भाऊ दक्षिणेकडून लढले आणि त्यांच्या बहिणीचा नवरा, जनरल हेल्म, १८६३ मध्ये चिकमॉगाला मेला, तोही दक्षिणेकडून. ती विधवा बहीण नंतर व्हाइट हाउसात राहायला आली तेव्हा केवढा गहजब झाला!

खुर्चीतला_सेनापती

'द ब्लू अँड द ग्रे' मधल्या लढाया चांगल्या आहेत. इथे मात्र...

रानजाई

सेनापती, लढायांसाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन :)

पाखरू, जॉन गायझरचा मुद्दा पकडते. तो चित्रकार असल्यामुळे कॅमेऱ्याला दोन्हीकडे जाता येतं. इथे ते काम ॲनवर टाकलंय. पण ॲन जाऊन जाऊन कुठे जाणार, फिरून आर्नेस्कोटलाच येते. धोंडोपंत म्हणतात तेच माझ्या मनात होतं, मला नीट मांडता आलं नव्हतं. मालिका राजाची बाजू घेत नाही, ती घराची बाजू घेते. आणि घर राजाच्या माणसाचं आहे.

त्या गढीचं चित्रीकरण नॉर्दम्प्टनशरमधल्या रॉकिंगहॅम कॅसलला झालंय. तो खऱ्या युद्धात १६४३ मध्येच पार्लमेंटच्या फौजेने घेतला होता. म्हणजे ज्या भिंतींनी राजनिष्ठ आर्नेस्कोटचा अभिनय केला त्यांच्यावर प्रत्यक्षात बराच काळ दुसऱ्याच बाजूचा पहारा होता.

तळटीप

ही माहिती आवडली.

रानजाई, तुमचा दुसरा प्रश्न राहिला. माझं मत: फुटलेली घरं खरी होती, पण ती सगळ्यात जास्त उठून दिसतात म्हणून आपल्याला सगळीकडे दिसतात. बरीच घरं फुटलीच नाहीत, सगळी मिळून एकाच बाजूला गेली. त्याहून जास्त घरांनी शक्य तितका वेळ काहीच केलं नाही. चेशरमध्ये तर डिसेंबर १६४२ मध्ये दोन्ही बाजूंच्या जमीनदारांनी बनबरीला बसून चक्क करार केला की आपल्या परगण्यात लढाई नको. वरच्यांनी तो मोडीत काढला. पण दारं बंद करून बसलेल्या कुटुंबाची मालिका काढणार कशी?

टिवल्याबावल्या

काढतात की. रोज संध्याकाळी लागतात, वर्षानुवर्षं काहीच होत नाही.

संशयात्मा

तळटीप यांच्याशी चक्क सहमत. पण हरल्यासारखं वाटू नये म्हणून एक उदाहरण सोडून जातो.

बेसिंग हाउस, विंचेस्टरच्या मार्क्वेसचं. राजाचा बालेकिल्ला, घरमालक कट्टर. १६४४ मध्ये त्याच्याच धाकट्या भावाने, लॉर्ड एडवर्ड पॉलेटने, गढी गुपचूप पार्लमेंटच्या हवाली करायचा घाट घातला. कट फुटला. बाकी कटवाल्यांना फाशी, आणि भावाला जीवदान. अट एकच, आपल्या साथीदारांना फासावर त्यानेच चढवायचं.

हे कुठल्या मालिकेत घातलं तर तुम्हीच म्हणाल, लेखकाने अति केलं.

मुक्ता_के

बाप रे. हो, म्हणाले असते.

धोंडोपंत

भावाला सोडलं, बाकीच्यांना लटकवलं. बाकीचे कोणाचे तरी भाऊ असतीलच.

गोगलगाय

ठरलं, या शनिवारपासून बघायला घेतो. डीव्हीडी मिळाली आहे. कोणीतरी फक्त एवढं सांगा, यात कुत्रा आहे का आणि असला तर वाचतो का? नाही तर घरात माझीच यादवी होईल.

खुर्चीतला_सेनापती

राजाचा भाचा आणि सेनानी प्रिन्स रूपर्ट, त्याच्या 'बॉय' या कुत्र्याबद्दल विचारत असाल तर नाही वाचत. पांढरा पूडल, लढाईत बरोबर जायचा, पार्लमेंटवाले त्याला चेटकी समजत. मार्स्टन मूरची लढाई, २ जुलै १६४४. स्पॉयलरबद्दल क्षमस्व.